अर्काची कसोटी कोऱ्या मलमाशी

अमुक वनस्पतीच्या अर्काने सोरायसिस आटोक्यात आला असे कोणी सांगितले, की माझा पहिला प्रश्न त्या वनस्पतीबद्दल नसतो. दुसऱ्या बाजूला काय लावले होते, हे मला आधी जाणून घ्यायचे असते. औषधी वनस्पतींच्या अर्कांवर प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे या विषयावरचे शोधनिबंध माझ्या नेहमीच्या वाचनात असतात, आणि जुनाट त्वचाविकारांच्या बाबतीत निकालाचा निम्मा अर्थ या एकाच प्रश्नाच्या उत्तरात असतो, असे माझे मत आता पक्के झाले आहे. अर्क ज्या मलमात, क्रीममध्ये किंवा जेलमध्ये मिसळतात, त्याच कृतीने पण अर्क न घालता केलेल्या मलमाला आम्ही कोरे मलम म्हणतो. चाचणीत खरी लढत अर्क आणि आजार यांच्यात नसते. ती अर्क घातलेले मलम आणि कोरे मलम यांच्यात असते.

कोरफडीचेच उदाहरण घ्यावे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सोरायसिसच्या ६० रुग्णांपैकी काहींना ०.५ टक्के कोरफडीचा अर्क असलेले क्रीम आणि इतरांना कोरे क्रीम देण्यात आले. अर्काच्या गटातले ८३.३ टक्के रुग्ण बरे झाले आणि कोऱ्या क्रीमच्या गटातले फक्त ६.६ टक्के, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. त्यानंतर २००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ४१ रुग्णांवर वेगळ्या रचनेची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूच्या चट्ट्यांवर कोरफडीचे जेल आणि दुसऱ्या बाजूच्या चट्ट्यांवर प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेले तसेच दिसणारे, जेल लावले गेले, आणि कोणत्या बाजूला काय आहे हे ना रुग्णाला ठाऊक होते ना तपासणाऱ्याला. चार आठवड्यांनंतर कोरफडीच्या बाजूचे ७२.५ टक्के चट्टे सुधारलेले आढळले, आणि प्लासिबोच्या बाजूचे ८२.५ टक्के. म्हणजे फरक पडला, पण तो प्लासिबोच्या बाजूने.

या दुसऱ्या चाचणीतली प्लासिबोची बाजू क्षणभर झाकून ठेवली, तर उरते ते असे: कोरफडीच्या जेलने चार आठवड्यांत जवळपास तीन चतुर्थांश चट्टे सुधारले. हे विधान आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे, आणि तुलनेचा गट न ठेवता केलेले असंख्य लहान अभ्यास नेमके याच स्वरूपाचे विधान करून थांबतात. मला तर पहिल्या चाचणीतला कोऱ्या क्रीमचा ६.६ टक्क्यांचा आकडाच अधिक विचारात पाडतो. दोन चाचण्यांत ‘बरे होणे’ आणि ‘सुधारणे’ यांचे निकष वेगळे होते हे मान्य करूनही, नुसत्या क्रीमचा परिणाम इतका नगण्य दिसणे हे या आजाराच्या स्वभावाशी जुळत नाही.

हा स्वभाव समजून घेतला की कोऱ्या मलमाचे महत्त्व आपोआप पटते. निरोगी त्वचेत बाह्यस्तराच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात रोगप्रतिकारक यंत्रणेतील टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ यांसारख्या संदेशवाहक रेणूंच्या अतिरेकामुळे हाच प्रवास काही दिवसांत उरकतो, आणि अपक्व पेशींचे चंदेरी पापुद्रे थरावर थर साचत जातात. त्यावर दिवसातून दोनदा कोणताही स्निग्ध पदार्थ लावला, तर पापुद्रे मऊ होऊन सुटतात, भेगा भरतात, त्वचेतून उडून जाणारे पाणी अडते आणि खाज उतरते. इसबाच्या, म्हणजे ॲटोपिक डर्माटायटिसच्या बाबतीत तर त्वचेची संरक्षक भिंतच कमकुवत असते, त्यामुळे चांगले मॉइश्चरायझर हा उपचाराचा पायाच मानला जातो. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. हे आजार आपणहून चढतात आणि उतरतात, आणि माणूस चाचणीत नाव नोंदवतो तो बहुधा आजार भरात असताना. पुढच्या काही आठवड्यांत थोडा उतार पडणे हे काहीही न लावताही संभवते. हे सगळे श्रेय, तुलनेची बाजू नसेल तर, सरळ वनस्पतीच्या खात्यावर जमा होते.

तुलना नीट केली म्हणजे वनस्पती हरतेच, असे मात्र मुळीच नाही. एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात आजारात त्वचा इतकी नाजूक असते की साध्या घर्षणानेही फोड येतात आणि जखमा महिनोन् महिने उघड्या राहतात. भूर्जकुळातील झाडांच्या सालीतून काढलेली ट्रायटर्पीन नावाची द्रव्ये सूर्यफुलाच्या तेलात मिसळून केलेल्या जेलची या आजाराच्या २२३ रुग्णांवर चाचणी झाली. ठरवलेली जखम ४५ दिवसांत पूर्ण बंद होण्याचे प्रमाण अर्काच्या गटात ४१.३ टक्के आणि कोऱ्या जेलच्या गटात २८.९ टक्के होते. युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२३ साली या जेलला औषध म्हणून मान्यता मिळाली. सालीच्या अर्काचे खरे कर्तृत्व म्हणजे या दोन आकड्यांमधले सुमारे बारा टक्के. ऐकायला ते फार मोठे वाटत नाही, पण ज्या मुलाची जखम त्यामुळे मिटते त्याच्या आईला विचारावे. वनस्पतीचा मान राखायचा तो असा, तिच्या वाट्याचे नेमके मोजून.

पण मोजायचे काय, हे ठरवण्याआधी अर्क म्हणजे नक्की काय, हे ठरवावे लागते, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण वाचणाऱ्यांपर्यंत हा भाग सहसा पोहोचतच नाही. वाळवलेली पाने भरड दळून आम्ही ती ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजत ठेवतो, गाळतो, आणि गाळलेला द्रव रोटरी इव्हॅपोरेटरवर चढवतो. गोल बुडाचा फ्लास्क कोमट पाण्यात संथपणे फिरत राहतो, कमी केलेल्या दाबामुळे अल्कोहोल कमी तापमानालाच उडून शेजारच्या कंडेन्सरमध्ये थेंबाथेंबाने गोळा होते, आणि शेवटी काचेच्या आतल्या बाजूला काळपट हिरवा, चिकट थर उरतो. तो चमच्याने खरवडून काढताना हाताला चिकटतो, त्याला उग्र वास असतो, आणि त्यात शेकडो वेगवेगळे रेणू असतात. तीच पाने हेक्झेनमध्ये भिजवली असती तर मेणे आणि तेले आली असती. पाण्यात उकळली असती तर साखरा, टॅनिन आणि क्षार आले असते. तीन फ्लास्कवर एकाच वनस्पतीचे नाव लिहिलेले असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती तीन वेगळी द्रव्ये आहेत. पुन्हा पान कोवळे होते की जून, कोणत्या ऋतूत तोडले, सावलीत वाळवले की उन्हात, यांवरही प्रमाणे बदलतात. कोरफडीच्या पानात तर सालीलगतचा पिवळा, कडू चीक आणि आतला पारदर्शक गर हे शेजारी शेजारी असूनही पूर्णपणे वेगळ्या घडणीचे पदार्थ आहेत.

म्हणूनच वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा केला आहे का, कोणता द्रावक वापरला, किती किलो वनस्पतीपासून किती अर्क निघाला, आणि त्यातील एखाद्या ओळखीच्या घटकाचे प्रमाण क्रोमॅटोग्राफी या घटक वेगळे करण्याच्या तंत्राने मोजले आहे का, एवढ्या गोष्टी ज्या निबंधात नाहीत, त्याचा निकाल कितीही उत्साहवर्धक असला तरी दुसऱ्या कोणाला तो पडताळून पाहता येत नाही. दोन चाचण्यांचे निकाल परस्परविरोधी आले, तर वनस्पतीत दोष होता की दोन्हीकडे मुळात वेगवेगळी द्रव्ये वापरली गेली होती, हे सांगायला काही साधनच उरत नाही.

प्रयोगशाळेतल्या निकालांविषयीही अशीच सावधगिरी हवी. त्वचेच्या पेशींवरचे पुष्कळसे प्रयोग हाकॅट नावाच्या पेशींवर होतात. १९८८ पासून उपलब्ध असलेल्या या मानवी त्वचापेशी न थकता वाढत राहतात आणि म्हणून सोयीच्या आहेत. सोरायसिसमध्ये पेशींची वाढ रोखायची असते, त्यामुळे अर्काने वाढ थांबली की ती चांगली खूण समजली जाते. परंतु पुरेशा जास्त प्रमाणात घातलेला जवळपास कोणताही अर्क पेशींची वाढ थांबवतो, कारण त्या मरतात. वाढ आटोक्यात ठेवणे आणि पेशी मारणे यांत फरक दाखवणारी वेगळी चाचणी त्याच निबंधात असेल, तरच मी पुढे वाचते. हळदीतल्या कर्क्युमिनने तर अनेक संशोधकांना चकवले आहे. हा रेणू स्वतः चमकतो, अनेक प्रथिनांना विनाकारण चिकटतो आणि द्रावणात लवकर विघटित होतो, त्यामुळे तो असंख्य चाचण्यांत सक्रिय ‘दिसतो’; २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने या साऱ्या पुराव्यांचा आढावा घेऊन हे अगदी परखडपणे मांडले.

शिवाय पेशीला थेट भिजवणे आणि त्वचेतून आत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेतून आत शिरणे अवघड असते, आणि वनस्पतींतले कित्येक ग्लायकोसाइड आणि टॅनिन या मर्यादेच्या पलीकडचे असतात. उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल इतकेच म्हणेन, की २००९ पासून रूढ झालेल्या पद्धतीत उंदराच्या पाठीवर इमिक्विमोड क्रीम लावून काही दिवसांत सोरायसिससारखा दाह निर्माण करतात. ही पद्धत उपयुक्त आहे, पण आठवड्याभराचा दाह म्हणजे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आजार नव्हे.

या सगळ्या चाळण्यांतून पार पडलेले जे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते निळीचे. नीळ देणाऱ्या वनस्पतींच्या पानांपासून चिनी वैद्यकात एक निळी पूड तयार करतात. तैवानमधील चांग गुंग मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी तिचे मलम करून सोरायसिसच्या ४२ रुग्णांवर चाचणी घेतली आणि २००८ साली निकाल प्रसिद्ध केला. इथेही प्रत्येक रुग्णाच्याच शरीरावर तुलना होती: एका चट्ट्यावर निळीचे मलम, दुसऱ्या चट्ट्यावर कोरे. शेवटपर्यंत राहिलेल्या ३४ रुग्णांपैकी २५ जणांचा निळीखालचा चट्टा पूर्णपणे किंवा जवळजवळ नाहीसा झाला. पण निळ्या मलमाचे डाग त्वचेवर आणि कपड्यांवर पडतात, त्यामुळे कोणता चट्टा कोणता हे रुग्णाला कळणारच. म्हणून ती चाचणी निरीक्षकापुरतीच अंध ठेवता आली. एकाच शरीरावरच्या तुलनेला ही मर्यादा नेहमीच असते. रंग आणि वास यांतून भेद उघड होतो, आणि एका बाजूचे मलम हाताने, कपड्याने किंवा रक्तातून दुसरीकडेही पोहोचू शकते. पुढे या संशोधकांनी निळीतला इंडिरुबिन हा घटक शुद्ध करून रंगाची अडचण कमी करण्यावर काम केले. इंडिरुबिन पेशीतील एरिल हायड्रोकार्बन नावाच्या ग्राहीवर, म्हणजे रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर, काम करतो. हीच ग्राही जुन्या कोलटारच्या उपचारामागेही आहे, आणि अमेरिकेत २०२२ साली सोरायसिससाठी मान्यता मिळालेल्या टॅपिनारोफ क्रीममागेही. टॅपिनारोफचा मूळ रेणू तर सूक्ष्म कृमींच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंकडून मिळाला. वेगवेगळ्या वाटांनी आलेली द्रव्ये पेशीतल्या एकाच दारापाशी पोहोचतात, तेव्हा निळीच्या निकालावरचा माझा विश्वास वाढतो. केवळ आकड्यांनी तो इतका वाढला नसता.

याच निळीच्या पुडीबद्दल दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. जपानमध्ये आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी ती पोटात घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब धोकादायकरीत्या वाढल्याचे आढळले, आणि २०१६ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. लावण्याचे औषध पोटात घेतले की ते वेगळेच औषध होते.

पोटात घ्यायच्या काढ्यांचा इतिहासही असाच सावध करणारा आहे. लंडनमधील डॉक्टरांनी १९९२ साली दहा वनस्पतींच्या चिनी काढ्याची इसबाच्या रुग्णांवर दुहेरी अंध चाचणी केली. प्लासिबो म्हणूनही दुसऱ्या वनस्पतींचा तशाच चवीचा काढा दिला होता, हे मला फार विचारपूर्वक केलेले वाटते. निकाल चांगला आला. त्याच मिश्रणाची हाँगकाँगमधील ४० रुग्णांवर झालेली चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही. त्याच काळात इसबासाठी घेतलेल्या चिनी काढ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत येत होत्या. इव्हनिंग प्रिमरोझच्या तेलाची गोष्ट त्याहून लांबली: इसबासाठी ते वर्षानुवर्षे दिले गेले, ब्रिटनमध्ये २००२ साली त्याचा परवाना काढून घेण्यात आला, आणि २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही.

उलट, वनस्पतींपासून निघालेली आणि टिकलेली औषधे पाहिली, तर त्यांचे धोकेही त्यांच्या गुणांइतकेच ठळक दिसतात. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पूड पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात आली, ‘गोवा पावडर’ म्हणून नायट्यावर वापरली जाऊ लागली, आणि १८७० च्या दशकात लंडनचे बालमॅनो स्क्वायर यांनी सोरायसिसवरचा तिचा गुण नोंदवला. पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा तुटल्यावर १९१६ मध्ये जर्मनीत तिच्यासारखाच डिथ्रॅनॉल हा रेणू कृत्रिमरीत्या तयार करून वापरात आणला गेला. तो गुणकारी आहे, पण चट्ट्याबाहेरच्या त्वचेला जाळतो आणि जिथे लागेल तिथे तपकिरी डाग पाडतो. कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीतील सोरॅलेन हे द्रव्य ऊन अंगावर पडताच सक्रिय होते. इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात दुसऱ्या एका वनस्पतीतील याच कुळातल्या द्रव्यांवर काम केले, आणि त्यातून १९७४ साली सोरॅलेन व अतिनील-ए किरणांचा संयुक्त उपचार सोरायसिससाठी पुढे आला. मात्रा चुकली तर त्वचा भाजते, आणि दीर्घ उपचाराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक, हे समीकरण या क्षेत्राच्या स्वतःच्याच इतिहासाला धरून नाही.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून संताप येतो ती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात त्वचारोगांवर दिल्या जाणाऱ्या ११ हर्बल क्रीमचे पृथक्करण केले गेले आणि त्यांतील आठांमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडले, तेही चेहऱ्यावर किंवा मुलांना लावण्यास अयोग्य अशा प्रमाणात. रुग्ण स्टेरॉइड टाळण्यासाठीच वनस्पतींकडे वळलेला असतो. त्याला आठवड्याभरात उतार पडतो, तो विश्वासाने तेच क्रीम लहान मुलाच्या गालावरही लावतो, आणि महिन्यांनी त्वचा पातळ होते, तिच्यावर लाल शिरा दिसू लागतात. सोरायसिसमध्ये प्रभावी स्टेरॉइड एकाएकी बंद केले तर आजार उफाळून येऊ शकतो, आणि रुग्णाला मात्र वाटते की क्रीम थांबवल्यामुळेच तो परत आला, म्हणजे क्रीम खरेच गुणकारी होते. त्यामुळे कोणत्याही वनस्पतीजन्य मलमाची माणसांवर चाचणी करण्याआधी त्यातल्या स्टेरॉइडची, जड धातूंची आणि जंतूंची तपासणी करून तिचा निकाल निबंधात छापलाच पाहिजे. एखाद्या मलमाचा परिणाम विलक्षण झपाट्याने दिसला, तर ती अभिनंदनाची नव्हे, तपासणीची वेळ असते.

परिणाम मोजण्याच्या पद्धतीतही सुधारणा हवी आहे. सोरायसिससाठी १९७८ पासून वापरला जाणारा पासी हा गुणांक लाली, जाडी आणि पापुद्रे यांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देतो, डोके, हात, धड आणि पाय यांना वेगवेगळे वजन देतो, आणि त्याची कमाल ७२ पर्यंत जाते. मात्र सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर दाह लाल दिसतच नाही. तो जांभळट, करडा किंवा तपकिरी दिसतो, आणि सरावलेला डोळा नसेल तर लालीला कमी गुण पडतात. चट्टा उतरल्यावर मागे राहणारा काळसर डागही गुणांकात येत नाही, जरी रुग्णाला त्याचाच अधिक त्रास होत असला तरी. खाज, झोप, आणि चारचौघांत हात उघडे ठेवण्याचा संकोच यांची नोंद रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांतूनच होऊ शकते, आणि १९९४ पासून त्यासाठी दहा प्रश्नांची डीएलक्यूआय ही सर्वमान्य प्रश्नावली उपलब्ध आहे. ती न वापरता केलेली चाचणी मला अर्धवट वाटते.

सर्वांत मोठी उणीव काळाची आहे. वनस्पती-अर्कांच्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांतच संपतात, तर हे आजार दशके सोबत राहतात. अर्काचे मलम वर्षभर लावल्यावर त्याचा गुण टिकतो का, त्याची ॲलर्जी निर्माण होते का, थांबवल्यावर पहिला चट्टा किती आठवड्यांनी परत येतो, आणि परत सुरू केल्यावर पूर्वीइतकाच उतार पडतो का, या प्रश्नांसाठी नवी वनस्पती शोधण्याची गरजच नाही. निळीसारख्या ज्या मोजक्या अर्कांनी पहिला टप्पा ओलांडला आहे, त्यांच्यावरच दीर्घ मुदतीच्या, अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणाऱ्या आणि वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांना सामावून घेणाऱ्या चाचण्या व्हायला हव्यात. संशोधनाचा निधी शंभराव्या वनस्पतीचा अर्क पेशींवर ओतण्याऐवजी आधी या चाचण्यांकडे वळावा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.